दहावीची मुलगी, दातांच्या तारा आणि फ्लोराइडची चूळ

पेशंट पंधरा वर्षांची, दहावीतली. मूळ गाव पांढरकवड्याच्या बाजूचं, शिक्षणासाठी यवतमाळात मामाकडे राहते. वर-खाली दोन्हीकडे तारा लावून आठ महिने झालेले. तारा दुसरीकडे लावलेल्या. तिथे ऑर्थोडॉन्टिस्ट महिन्यातून एकदा बाहेरगावहून येतात, तार घट्ट करतात आणि पुढच्या खुर्चीकडे वळतात. लहान शहरांत हे असंच चालतं, आणि मधल्या महिन्यात दात घासले जातात की नाही हे बघायला कुणी नसतं.

तक्रार अशी की तारा लावल्यापासून दातांवर पांढरे डाग आले आणि आता त्यांच्या कडेने तपकिरी रंग चढतोय. सोबत आई होती आणि मामी होती. पेशंटची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.

तपासणी

तारांच्या दातांवरचा थर काढल्याशिवाय खाली काय चाललंय ते कळत नाही. हिरडीलगत आणि प्रत्येक ब्रॅकेटभोवती (तार धरून ठेवायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) पिवळट, मऊ थर होता. तो पॉलिश करून काढला, गालाशी कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या आणि दातांवर पाचेक सेकंद हवा सोडली. ओल्या दातावर सगळं चकचकीत दिसतं. कोरडा झाला की एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, खरं बोलतं. निरोगी भाग वाळल्यावरही चमकतो. जिथून क्षार निघून गेलेत तिथल्या बारीक छिद्रांतलं पाणी उडतं, हवा शिरते आणि तो भाग खडूसारखा निस्तेज पांढरा होतो.

वरच्या सुळ्यांआधीच्या दोन्ही दातांवर ब्रॅकेट आणि हिरडी यांच्या मधल्या पट्टीत चंद्रकोरीच्या आकाराचे असे डाग निघाले, पण वाळवल्यावरच. म्हणजे सुरुवात. डाव्या सुळ्यावरचा डाग मात्र ओल्या दातावरही दिसत होता, म्हणजे तो बराच आत गेलेला. पृष्ठभाग कुठेही फुटलेला नव्हता. अशा डागावर टोकदार प्रोब, म्हणजे तपासणीची बारीक सळई, खुपसून बघण्याची जुनी सवय अजून काही ठिकाणी आहे. ती सोडायला हवी. वरचा पातळ थर शाबूत असतो म्हणून तर डाग सुधारण्याची आशा असते, आणि तो थर आपणच फोडायचा? प्रोबची बाजू हलकेच फिरवली तरी खडबडीतपणा कळतो.

खालच्या उजव्या पहिल्या दाढेच्या खाचेत मात्र कीड होती, तपकिरी आणि मऊ. तिथे भरण्याशिवाय इलाज नव्हता, ते त्याच आठवड्यात केलं.

आणि याखेरीज आणखी एक पांढरेपणा होता. जवळजवळ सगळ्याच दातांवर आडव्या, धूसर, ढगाळ रेघा. डावीकडे जशा तशाच उजवीकडे. वाळवल्यावरही त्यांची चमक जात नव्हती. या रेघा तारा लावण्याच्या कितीतरी आधीच्या, लहानपणच्या पाण्याच्या. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या पट्ट्यात बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मुलीचं वयाच्या नवव्या वर्षापर्यंतचं आयुष्य त्याच पाण्यावर गेलेलं. सौम्य फ्लोरोसिस, दुसरं काही नाही.

म्हणजे एकाच तोंडात दोन प्रकारचे पांढरे डाग. एक, दात जबड्यात तयार होत असताना पोटातून गेलेल्या जास्तीच्या फ्लोराइडचा. दुसरा, तयार दातावर आम्लाचा मारा होत असताना. पहिला जात नाही, वाढतही नाही. दुसरा वाढतो, फुटतो आणि खड्डा होतो. दोन्हींना 'पाण्याचे डाग' म्हणून सोडून दिलं असतं तर वर्षभरात सुळ्यातही सिमेंट भरावं लागलं असतं.

चुकीची बाटली

तपकिरी रंगाचं कोडं सोपं निघालं. पॉलिशच्या कपाने तो पुसला गेला, म्हणजे वरवरचा होता. कुणीतरी 'तारा आहेत तर माउथवॉश वापर' असं तोंडी सांगितलं होतं. मामा मेडिकलमध्ये गेले, 'माउथवॉश द्या' म्हणाले आणि त्यांना क्लोरहेक्सिडिन मिळालं. मुलगी दोन वेळा इमानाने त्याने चूळ भरत होती, वर दिवसाला तीन-चार कप चहा. क्लोरहेक्सिडिन आणि चहा एकत्र आले की दात आणि जीभ तपकिरी होणारच.

औषध वाईट नाही. हिरडी सुजली असेल, दाढ काढली असेल, ब्रश लावता येत नसेल तर काही दिवस ते उत्तम. जंतू मारणं हे त्याचं काम. पण दातातून गेलेला क्षार परत आणणं त्याला जमत नाही, आणि तारा असेपर्यंत महिनोन्महिने घेत राहण्याचं ते औषध नाही. दुकानातल्या फळीवर दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी असतात, रंगही मिळतेजुळते. म्हणून मी चिठ्ठीवर नुसतं 'माउथवॉश' कधीच लिहीत नाही. 'सोडियम फ्लोराइड ०.०५ टक्के, अल्कोहोलविरहित' असं लिहिते आणि बाटलीवर हेच शब्द आहेत का ते बघून घ्या म्हणून सांगते.

दप्तरातलं पाणी

डबा काय, चहा किती वेळा, रात्री ब्रश करतेस का, या प्रश्नांना पाठ केलेली उत्तरं येतात. त्यामुळे मी शाळकरी पेशंटला दप्तर उघडायला सांगते. तिच्या दप्तरात लिटरभराची बाटली होती, पाणी किंचित गढूळ. ग्लुकोज पावडर. यवतमाळचा एप्रिल, शाळा आणि मग ट्यूशन. भाचीला ऊन लागू नये म्हणून मामी रोज सकाळी चार चमचे घालून द्यायची. मुलगी ते पाणी दिवसभर घोट-घोट प्यायची.

कीड लागण्याचं गणित साखर किती यापेक्षा साखर किती वेळा यावर जास्त चालतं. दातावरच्या थरातले जंतू साखरेपासून आम्ल करतात. पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की एनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतात. लाळ ते आम्ल हळूहळू मारते, पण तिला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. दर वीस मिनिटांनी ग्लुकोजचा घोट घेतला तर लाळेची पाळी येतच नाही. त्यात ब्रॅकेटच्या कडा म्हणजे थराला बसायला तयार ओटा. ब्रॅकेटभोवती असा पांढरा डाग महिन्याभरातही उठू शकतो; हिला तर आठ महिने मिळाले होते.

फ्लोराइडचं काम इथे येतं. दातालगतच्या ओलाव्यात ते थोडंसं जरी हजर असलं तरी सुटलेलं कॅल्शियम-फॉस्फेट परत बसायला मदत करतं, आणि जो स्फटिक नव्याने बनतो तो जास्त चिवट असतो. फ्लोराइडने बनलेला स्फटिक विरघळायला पीएच ४.५ च्या आसपास यावा लागतो. चूळ भरल्यावर दातावर आणि थरात कॅल्शियम फ्लोराइडचे सूक्ष्म कण बसतात. आम्ल वाढलं की ते विरघळतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी फ्लोराइड सोडतात. हे सगळं दाताच्या पृष्ठभागावर घडतं. गिळण्याचा त्यात काही संबंध नाही.

आईचा प्रश्न

चिठ्ठी लिहिली, तशी इतका वेळ गप्प बसलेली आई बोलली. "मॅडम, आमच्या गावात ह्याच फ्लोराइडनं पोरायचे दात पिवये झाले. म्हाताऱ्यायचे गुडघे वाकले. अन् तुम्ही तेच लिहून देऊन राहिल्या?"

या भागात हा प्रश्न न विचारणारी आईच मला विरळा वाटते, आणि 'काही होत नाही ताई' म्हणून तो उडवून लावणारा डॉक्टर मला पटत नाही. उत्तर आकड्यांनी द्यावं लागतं.

आधी पाणी. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. गावातल्या बोरिंगचा ग्रामपंचायतीकडचा रिपोर्ट आईने नंतर फोटो काढून पाठवला: २.४. मामाकडचं नळाचं पाणी तपासून घेतलं, ते १ च्या खाली होतं. हा दुसरा आकडा हातात येईपर्यंत मी चूळ सुरू केली नाही. घाई कसलीच नव्हती, ग्लुकोजची बाटली तर त्याच दिवशी बंद झाली होती.

मग चूळ. ०.०५ टक्क्याच्या द्रावणात फ्लोराइडचं प्रमाण साधारण २२५ पीपीएम (दहा लाख भागांत २२५), म्हणजे १० मिलीच्या एका चुळीत सव्वादोन मिलिग्रॅम. ती पूर्ण गिळली तर गावच्या बोरिंगचं जवळपास लिटरभर पाणी प्यायल्यासारखं होईल. पण ती गिळायची नसते. पंधरा वर्षांची मुलगी मिनिटभर तोंडात खेळवून थुंकते, आत राहतो तो थोडासा अंश. आणि दातांवर डाग पडण्याचा काळ दात बनत असतानाचा, ढोबळमानाने आठव्या वर्षापर्यंतचा. अक्कलदाढा सोडल्या तर तिच्या दातांचे मुकुट, म्हणजे हिरडीबाहेर दिसणारे भाग, केव्हाच बनून झालेत. गुडघे वाकतात ते वर्षानुवर्षं रोज घागरीने पोटात गेलेल्या फ्लोराइडने.

आईला हे पटलं असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. तिने रिपोर्टचा आकडा आणि चुळीचा आकडा चिठ्ठीच्या मागे लिहून घेतला. मला ते आवडलं.

चूळच का

दवाखान्यात लावायचं फ्लोराइड वार्निश असतं, त्यात प्रमाण २२,६०० पीपीएम. काम चोख आणि पेशंटच्या आळसावर अवलंबून नाही. ते मागच्या दाढांना लावलं. पुढच्या दातांवर मात्र हात आखडता घेतला. दिसणाऱ्या पांढऱ्या डागावर एकदम तीव्र फ्लोराइड दिलं तर वरचा थर झटकन कडक होतो, कीड थांबते, पण आतला पोकळ पांढरेपणा तसाच कोंडला जाऊन डाग कायमचा राहू शकतो, असं ऑर्थोडॉन्टिक्समधलं एक मत आहे. त्यावर सगळ्यांचं एकमत नाही. तरी पंधरा वर्षांच्या मुलीच्या हसण्यात दिसणारे दात असतील तर मी कमी मात्रेच्या, रोजच्या फ्लोराइडच्या बाजूने झुकते.

रोजच्या चुळीला पुरावा जुना आहे. स्वीडनमध्ये गोटेबर्गच्या शाळांत टोरेल आणि एरिक्सन यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज ०.०५ टक्क्याची चूळ भरणाऱ्या मुलांची नवी कीड जवळपास निम्म्यावर आली. पंधरवड्यातून एकदा ०.२ टक्क्याने भरणाऱ्यांचा फायदा त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात मुलांवरच्या ३७ चाचण्या एकत्र पाहिल्या, तिथे घट सरासरी २७ टक्के निघाली. म्हणजे चूळ न भरणाऱ्या मुलांत दातांचे १०० नवे पृष्ठभाग किडले तर भरणाऱ्यांत ७३. यातल्या बहुतेक चाचण्या शाळेत, कुणाच्या तरी देखरेखीखाली झालेल्या. घरच्या बेसिनपाशी देखरेख नसते हे लक्षात ठेवून तो आकडा वाचायचा. अमेरिकेत १९७० च्या दशकाअखेर सुरू झालेल्या एका मोठ्या शालेय प्रयोगात तर सरसकट सगळ्या मुलांना चूळ देऊन फार काही हाती लागलं नाही. दाढांच्या खाचा बुजवणारं सीलंट कितीतरी सरस ठरलं. म्हणून ज्याच्या तोंडाला धोका आहे त्याला द्यावी, ज्याला कीडच नाही आणि जो दोन वेळा नीट घासतो त्याच्या डोक्यावर आणखी एक बाटली कशाला?

वेळ कोणती, यावर बराच विचार केला. कागदावर झोपण्याआधीची वेळ सर्वांत चांगली. रात्री लाळ कमी सुटते, फ्लोराइड दातापाशी टिकतं. पण रात्री ती फ्लोराइडच्या टूथपेस्टने घासणार. आपल्याकडे पेस्टमध्ये जास्तीत जास्त १,००० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आहे आणि तो आकडा ट्यूबवर छापावा लागतो. घासून झाल्यावर लगेच २२५ पीपीएमची चूळ भरणं म्हणजे तोंडातलं दाट काढून पातळ भरणं. त्यामुळे रात्री पेस्ट लावून घासायचं, फेस थुंकायचा, पाण्याने खळखळून तोंड धुवायचं नाही. चुळीची वेळ वेगळी: संध्याकाळी चहा-नाश्ता झाल्यावर, अभ्यासाला बसताना. टोपणाच्या मापाने १० मिली, मान मागे न टाकता एक मिनिट गालांत आणि तारांमधून खेळवायचं, थुंकायचं. नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही.

रिकामी बाटली

फॉलोअपला येताना बाटली घेऊन यायची, ही माझी अट असते. १५० मिलीची बाटली रोज १० मिलीने पंधरा दिवसांत संपते. सहा आठवड्यांनी मुलगी आली तेव्हा पहिल्याच बाटलीत तिसरा हिस्सा शिल्लक होता. म्हणजे चार दिवसांतून एक चूळ. विचारलं तर "रोजच तर करते." बाटली समोर धरली तशी हसली.

कारणं दोन निघाली. तारेने गालाला छाले पडले होते आणि त्या औषधातला पुदिना झोंबायचा. आणि बाटली बाथरूममध्ये होती, जिथे ती संध्याकाळी फिरकतच नव्हती. टोचणाऱ्या तारेच्या टोकावर मेण लावलं, सौम्य चवीची बाटली लिहून दिली, आणि बाटली बाथरूममधून काढून अभ्यासाच्या टेबलावर ठेवायला सांगितली. सगळ्या उपचारात बहुधा हीच गोष्ट सर्वांत कामाला आली. पुढच्या खेपेला दोन बाटल्या रिकाम्या आणि तिसरी अर्धी. पूर्ण नाही, पण मी हे चालवून घेते. बोर्डाच्या परीक्षेच्या महिन्यात पुन्हा घसरण झाली, परीक्षा संपल्यावर गाडी रुळावर आली.

तारा निघाल्या तेव्हा पहिल्या तपासणीला वर्ष उलटून गेलं होतं. बाजूच्या दोन दातांवरच्या चंद्रकोरी हवेने वाळवल्यावर निरखून पाहिलं तरच दिसत होत्या, आणि हात फिरवला तर गुळगुळीत. सुळ्यावरचा डाग कडेने आकसला, पण राहिला. नवा डाग नाही, नवी कीड नाही. लहानपणच्या आडव्या रेघा होत्या तिथेच.

याचं श्रेय एकट्या चुळीला देण्याचा मोह होतो. ते देता येत नाही. ग्लुकोजची बाटली बंद झाली, ब्रॅकेटच्या वरून-खालून छोटा ब्रश फिरायला लागला, दाढांना वार्निश लागलं, आणि चूळ सुरू झाली. सगळं एकाच ऋतूत. एका पेशंटवरून यातलं कुठलं किती हे कुणी सांगू शकत नाही. मला विचाराल तर मी ग्लुकोजला पहिला नंबर देईन. सुळ्यावरच्या डागासाठी रेझिन (पातळ, नंतर घट्ट होणारं द्रव्य) आत मुरवण्याचा पर्याय आहे, पण तारा निघाल्यावर पहिल्या काही महिन्यांत लाळेनेच असे डाग बरेच फिके पडतात. तोवर थांबायचं ठरलं, चूळ चालूच.

धाकटा भाऊ

तारा काढायच्या दिवशी आई गावाहून आली, सोबत पाच वर्षांचा धाकटा. ताई टेबलापाशी चूळ भरते हे त्याने सुट्टीत पाहिलेलं आणि त्यालाही ती हवी होती. आधी शंका घेणारी आई आता दुसऱ्या टोकाला गेलेली. "मंग याले बी देऊ का थोडंसं?"

सहा वर्षांखाली ही चूळ द्यायची नाही. या वयात थुंकणं पक्कं नसतं, चुळीचा बराच भाग पोटात जातो. त्यातून हा मुलगा अजून गावातच राहतो, २.४ च्या पाण्यावर. पुढच्या पक्क्या दातांचा नाजूक काळ त्याचा उलटून गेला आहे, पण मागचे दात अजून जबड्यात घडताहेत. बाटली त्याच्या हाताला लागणार नाही इतक्या उंच ठेवायला मामीला सांगितलं. त्याच्या ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट, तीही मोठ्या माणसासमोर, थुंकायला लावून.

मग पाण्याकडे वळलो. आई पाणी उकळून देत होती. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. कँडलच्या फिल्टरनेही ते अडत नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची नलगोंडा पद्धत बसवली, पण ती रोज मापाने करावी लागते, घराघरांत टिकणं कठीण. गावात आरओ प्लँट होता, कार्डावर वीस लिटरचा कॅन मिळायचा. "तेच पितो," आई म्हणाली, "स्वयंपाकाले तं बोरिंगचंच वापरतो."

भात आणि वरण जे पाणी पितात ते पोरगंच पितं, एवढंच सांगितलं. तिने बोटांवर हिशेब केला, घरात पाच माणसं, एक कॅन पुरायचा नाही, दोन लागतील. दुसरं कार्ड काढायला कोणाला भेटायचं ते मामाला विचारत ती जिना उतरली.